वाघ्याला एकच वाट ठाऊक

केडगावात कामावर पोट पुढं काढून मी आमच्या मालकाची नक्कल करत होतो, तेवढ्यात गावाकडचा निरोप आला... काका गेला. मला रडू फुटलं, तर सोबतची पोरं आणखीनच हसली. त्यांना वाटलं, हीपण नक्कलच.

विहिरीच्या सुरुंगात काकाचे दोन्ही डोळे गेले, तेव्हाच दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्याच्या खाटेपासून मोरीपर्यंत दोरी बांधली. धरून जायचं, धरून यायचं. तेवढंच त्याचं जग. मग काकानं वाघ्या पाळला. एक दिवस त्याचा पट्टा धरून काका जो बाहेर पडला, तो थेट प्राथमिक शाळेत! काकाला वाटलं, कुत्रं लई हुशार. खरं तर शाळेत पोरांना खायला सुकडी मिळायची, त्यातली ती वाघ्यालाही टाकायची, आणि त्याला तेवढीच वाट ठाऊक. पण गुरुजींनी खुर्ची दिली. पोरं वाघ्याचा पट्टा धरून, डोळे मिटून पटांगणात फिरायची, धडपडायची, अन् काका त्यांना सुरुंगाच्या गोष्टी सांगायचा.

काकाला मात्र काष्टीचा आठवडी बाजार पायजे हुता. एकट्यानं. दर बाजाराला निघायचा, आणि फाट्यावर वाघ्या शाळेकडं वळायचा. "आरं मुडद्या, शाळा नगं आज!" काका ओरडायचा. तोवर मागनं दादा धावत यायचे. "कुटं पडलास तर लोक मला काय म्हंतील? चल घरी."

उन्हाळ्यात मी गावी गेल्तो, तेव्हा शाळेच्या ओट्यावर त्याला अख्खा बाजार करून दाखवला. शेळ्या, दलालांची भांडणं, भेळवाला, सगळं. पोरं लोळली. काका पोट धरून हसला. मग म्हणाला,

"ब्येस केलास, बाब्या. पन कुनाचा धक्का न्हाई लागला."

"दिवाळीला येतो, काका. खराखुरा नेतो तुला."

"नेऊ नगं. मी जातो. तू मागनं ये, लांबनं."

दिवाळीच्या आधीच तापानं गेला.

काकाचे दिवस झाल्यावर बाजाराच्या दिवशी मी वाघ्याचा पट्टा धरला, डोळे मिटले अन् निघालो. फाट्यावर ओढ बसली... शाळेकडंच. मीही त्याला ओढलं नाही. ओट्यावर पोरं म्हणाली, "काकांचा आवाज काढा की!" मला गावातल्या सगळ्यांचा आवाज काढता येतो. काकाचा आला नाही.

घरात दोरी अजून तशीच आहे. दादांना चांगलं दिसतं. तरी परवा बघितलं, मोरीकडं जाताना ते ती धरूनच गेले.