खाजा पिंजाऱ्याचं शरबत

आमचा खाजामियाँ पिंजारी लई हट्टी. नळदुर्गात हायवेच्या कडंला त्याचं गाद्यांचं दुकान. तो कापूस पिंजायचा, म्या त्याच्याच शेडमधी खोळी शिवायचो. ढाब्यावरच्या बाजांच्या, ट्रकच्या केबिनीतल्या, लग्नातल्या गाद्या, समदं आमच्या हातचं. मशीन सुरू करायच्या आधी खाजा तोंडाला रुमाल बांधायचा, तो सांज होईपत्तोर सोडायचा न्हाय. सोडला की रुई घशात जाती, म्हणून दिवसभर पाणी बी प्यायचा न्हाय. त्याच्या बापाची बी हीच रीत.

"आरं उन्हाळा हाय, घोटभर तरी पी की!" म्हणलं, तर नुसती मान हलवायचा. एकदा मुतखड्यानं गडाबडा लोळला. सोलापूरला नेऊन खडा काढला, डॉक्टरनी भरपूर पाणी पी म्हणून बजावलं. गड्यानं ह्या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

कोरोनात खाजा आन् त्याचा धाकटा भाऊ, दोघं वार्डात पडले. धाकटा गेला, खाजा वाचला. तिथं त्याला व्हिटॅमिन सीची गोळी देत होते. भावाला बी देत आसतील, पण ते कोण ध्यानात घेतंय? खाजाच्या डोक्यात पक्कं बसलं, आपल्याला गोळीनं तारलं.

मग मेडिकलमधून आणायला लागला. आधी चघळायची, पाचशे मिलीग्रामची. पुढं पाण्यात टाकली की फसफसणारी, संत्र्याच्या वासाची, हजारची दिसली. दुकानदार म्हणला, "चाचा, रोजच्याला एवढी कशाला? डॉक्टरला विचारा की एकदा."

खाजा म्हणला, "पाचशेनं अर्धाच वाचलो आसतो. हजारचीच दे."

लई हसलो आमी तवा.

त्याची बायको अजीजाबी सकाळी एक आन् रात्री एक गोळी अर्ध्या गिलासात इरघळवून द्यायची. घरात त्याला शरबतच म्हणायचे. रुईनं खोकला वाढला की एक जादा. असं दोन-तीन वर्षं चाललं. पुढं त्याला थकवा यायला लागला, जेवण जाईना, तशी भाभीनं अजून एक वाढवली. पाय सुजले, मग तोंड सुजलं. गावातल्या डॉक्टरनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?"

"काईच न्हाय," खाजा म्हणला.

खोटं न्हाय वो बोलला. शरबताला औषध कोण म्हणतंय?

सोलापूरच्या दवाखान्यात नेलं तवर दोन्ही किडन्या बसल्या होत्या. सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीण तरणी होती, पण चिवट. भाभी खाली चहाला गेली तवा तिनं खाजाला खोदून खोदून विचारलं, काय खाता, काय पिता. शरबताचं निघालं तशी ती खुर्ची वढून बसली.

"चाचा, त्या गोळीचं अंगात जे बनतं, त्याचेच खडे किडनीत भरलेत. थोडी घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. पण तुम्हाला आधीच मुतखडा, पोटात पाणी नाही, आणि रोज एवढ्या गोळ्या."

मला वाटलं, खाजा आता रडंल. तर त्यानं तिच्याम्होरं हात जोडले. "बाई, एवढं माझ्या बायकोला सांगू नका. तिनं तिच्या हातानं दिलंय." मग माझं मनगट धरलं. "बब्रुवान, तू बी न्हाय."

म्या व्हय म्हणलं. काय म्हणणार?

मग डायलिसिससाठी सोलापूरच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. जल्मभर पाण्याला न विचारणारा माणूस तहानंनं तडफडायचा, आन् आता किडन्या बंद म्हणून पाणीच मना. भाभी शरबत घेऊन आली की म्हणायचा, "ठेव, नंतर पितो." ती आत गेली की मला खुणवायचा. म्या उठून ते मोरीत वतायचो, आन् वतता वतता त्याला शिव्या घालायचो. "आरं मर्दा, सांग की तिला एकदाचं!"

"माझं काय, म्या चाललो. तिला अजून जगायचंय."

माझा जीव तुटायचा आन् रागानं डोकं बी फुटायचं.

खाजा गेला. दफन झालं, फातेहा झाली, पावणे आपापल्या गावाला गेले. चाळिसाव्याला जेवणं उरकल्यावर भाभीनं मला आत बोलावलं. डोईवरचा पदर नीट केला. डोळे कोरडे होते.

"बब्रुभाऊ, एक विचारू? शेवटी शेवटी आमचे हे शरबत पीतच न्हवते. मोरीत फेकायचे. मला केशरी डाग दिसायचे."

म्या खाली बघितलं.

"म्या डाग धुवायची आन् गप बसायची. म्हणलं, आजारी माणूस हाय, कशाला बळंच पाजावं. या अल्ला, बसून पाजलं आसतं तर आज जित्ते आसते वो!" आन् मग तिला जे रडू फुटलं, ते आवरंना.

"न्हाय भाभी," म्या म्हणलं, "पाजलं आसतं तरी नसते जगले."

तिला ते पटलं न्हाय.