हिच्या कागदातली नावं

मी चौथी पास प्लंबर. लिहायचं काम आमच्या हिचं. ती जाऊन आठ महिने झाले, म्हणून पेन मला धरावं लागलं.

इथे आखातात, रुवीत, ती आपल्या लोकांना जेवणाचे डबे द्यायची. महिन्यातून एकदा खालच्या पुडात घडी केलेला कागद असायचा. ते हिचं वर्तमानपत्र. हाताने लिहायची, झेरॉक्स काढायची. कुणाचा पासपोर्ट अर्बाबाने, म्हणजे मालकाने, अडकवलाय, कुठल्या साइटवर उन्हात प्यायला पाणी नाही, तक्रार कुठे करायची, सगळं त्यात. सहमच्या एका शेतावर आमच्या कोकणातले सहा जण पासपोर्टविना अडकले होते. हिने तीन महिने लागोपाठ तेच लिहिलं, शेवटी वकिलातीत जाऊन बसली. पासपोर्ट मिळाले तेव्हाच उठली. तिथल्याच एका साहेबाने हिला तोंडावर "खलास, बंद करा हे" म्हणून सुनावलं होतं. पुढे तोच हिचा डबा मागवायचा. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

लोक रिकाम्या डब्यात पत्रं घालून पाठवायचे. अक्षरावरून कुणी सापडू नये म्हणून ही ती पत्रं स्वतःच्या हाताने उतरवायची, नाव गाळायची आणि मूळ पत्र मला द्यायची. "अहो, फाडून टाका." मी हो म्हणायचो आणि दूध पावडरच्या टिनात ठेवायचो. लिहिताना माणसाला किती घाम फुटतो ते मला ठाऊक. फाडणार कसं?

मुलगी अमेरिकेत एका लायब्ररीत जुने कागद सांभाळते. सुट्टीवर आली तेव्हा मोबाइलवर तिने राखाडी खोक्यांची रांग दाखवली.

"बाबा, हे एका ब्लॅक एडिटरबाईंचे पेपर्स. त्यांच्या लोकांवर अन्याय झाला की त्या छापायच्या. धमक्या आल्या तरी थांबल्या नाहीत. लोकांनी त्यांना लिहिलेली लेटर्सपण आहेत. आईचं असंच ठेवूया."

मी टिन काढून दिला. ती वाचत बसली, नाक पुसत.

"पण नावं कापून देणार," मी म्हटलं.

"बाबा, प्लीज! नावांशिवाय काय राहतं? आम्ही पन्नास वर्षं कुलपात ठेवू."

"चावी कुणाकडे?"

"बाबा!"

"तुझ्या आईने लोकांना शब्द दिला होता, नाव कुठे जाणार नाही म्हणून. पत्रं ठेवून एकदा मोडला मी. पुन्हा नाही."

हिचीच कात्री घेतली. दोन दिवस नावं कापली.

शुक्रवारी सहमहून त्या सहांपैकी एक आला, पिशवीभर लिंबं घेऊन. टेबलावरचं पत्र बघून थबकला.

"काका, हे माझं अक्षर! नाव कुठे गेलं?"

"कापलं. तुला त्रास नको."

"डोकं फिरलंय काय तुमचं? तेव्हा घाबरायचो, आता कुणाला घाबरू? काकींमुळे पासपोर्ट मिळाला, म्हणून आईला शेवटचं बघायला पोचलो मी. आणि काकींच्या कागदात माझंच नाव नाही?"

त्याने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं लिहिलं. मग गावी परतलेल्या पाच जणांना एकेक करून फोन लावला. प्रत्येक जण तेच म्हणाला, "लिव आमचं पण." एकाने तर मला शिवी घातली. बाकीच्या पत्रांत ज्यांचा पत्ता लागला नाही, त्यांची नावं कापलेलीच राहिली.

मुलीने ते पत्र सगळ्यात वर ठेवलं. "एडिटरबाईंच्या शेल्फवर जागा आहे, बाबा. बॉक्सवर आईचं नाव टाकू ना?"

हिने एवढे कागद काढले, एकावरही स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

"तू नको," मी म्हटलं, "मी लिहितो."

अक्षरं वाकडी आली, शेवटची दोन कोपऱ्यावरून वळली. पण दारातून वाचता येतात.