थरथरणारा बाण

नववीत शाळा सोडलेल्या मला या परक्या शहरात लोक फोनवर कॉम्प्युटरच्या अडचणी विचारतात, वर 'सर' म्हणतात. ऐकताना मी अंग चोरतो.

आज एका आजोबांना त्यांनी काढलेले पक्ष्यांचे फोटो उघडता येत नव्हते. त्यांची स्क्रीन मला इथे माझ्या कॉम्प्युटरवर दिसत होती. तिच्यावरचा बाण सारखा थरथरत होता.

"माउस बिघडलाय, काका. बदलून टाका," मी फोनवर सांगितलं.

"माउस कालच आणलाय, सर. थरथरतोय तो माझा हात." मला ओशाळं वाटू नये म्हणून तेच हसले.

मी इथूनच बाण मोठा केला, त्याचा वेग कमी केला. फोटो उघडले.

गावाहून बाबा रोज फोनवर सांगतात, "मी बरा आहे रे." मीही लगेच मानतो. फोनवर हात कुठे दिसतो?