ऑफिस उघडं आहे, रस्ता बंद आहे

आत्ताच सरलेल्या पौषात मी एक नेम धरला होता. महिनाभर कुणाचाही किस्सा दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही! सोळा सोमवार केलेत, संकष्ट्या तर लग्नाआधीपासूनच्या, पण इतकं कडक व्रत मी जन्मात केलं नव्हतं. उपासाला निदान साबुदाणा तरी चालतो. या नेमाला काहीच चालत नाही.

आणि देवाची गंमत बघा, नेम धरला आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या इथे, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला, बर्फ पडला. साधी भुरभुर नव्हे, गुडघाभर! आमची गल्ली म्हणजे दहा-बारा टाउनहाउसेस. निम्मी मराठी, आणि उरलेली आमच्याकडचे पोहे खाऊन खाऊन मराठी झालेली. अशा गल्लीतल्या सगळ्यांना ऑफिसला जायचं होतं आणि जायला रस्ता नव्हता. म्हणजे काय विचारता! रोज नवा किस्सा, आणि मी आपली तोंड मिटून.

बर्फ निदान वितळतो तरी. किस्से साचतच राहतात. नेम मी पूर्ण पाळला. आता हे उद्यापन समजा, आणि बसा.

* * *

इथे बर्फाची नुसती बातमी आली, की अमेरिकन माणूस दूध, ब्रेड आणि अंडी घेऊन येतो. आपला माणूस कोथिंबीर घेऊन येतो.

समोरच्या घरातला मंदार गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून इथे आला. बर्फ त्याने फ्रीजरमध्ये पाहिलेला, तेवढाच. रविवारी तो घाईघाईने खरेदीला गेला आणि डिकी भरून आला. चाळीस पौंड तांदूळ, दह्याच्या बादल्या, कोथिंबिरीच्या जुड्या.

त्याचे वडील, नाना, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत. ते डिकीत वाकून वाकून शोधायला लागले.

"फावडं कुठाय रे?"

"नाना, सगळ्या दुकानांतली फावडी संपली."

"आणि तांदूळ?"

"तांदूळ होते ना भरपूर!"

नाना म्हणाले, "छान! मग बर्फ आला, की त्याला पानावर बसव!"

* * *

सोमवारी सकाळी भुरभुर सुरू झाली आणि घरोघरी ऑफिसच्या मेल आल्या. आमच्या ह्यांच्या, म्हणजे सुधीरच्या, साहेबांची मेल मी पोथीसारखी दोनदा वाचली. ऑफिस उघडं आहे. तुमची सुरक्षितता आम्हाला सर्वांत महत्त्वाची आहे. यायचं की नाही हा निर्णय पूर्णपणे तुमचा. हजेरी नेहमीप्रमाणे मोजली जाईल!

ह्यांच्याकडे आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसच्या दाराला बॅज टेकवायचा नियम झालाय. देवळात घंटा वाजवतात ना, तसा. आत दर्शन होवो न होवो, घंटा वाजली पाहिजे.

तासाभरात बर्फाने जोर धरला. आमच्या भागात मेट्रो जमिनीवरून धावते, ती बंद. बस बंद. हे गाडी घेऊन निघाले. अर्ध्या तासाच्या रस्त्याला अख्खी सकाळ गेली. दोनदा गाडी गोल फिरली म्हणे, तिसऱ्यांदा ह्यांनी रामरक्षा म्हटली आणि पोचले. बॅज टेकवला. मजल्यावर चिटपाखरू नाही! एकटे खुर्चीत बसून हे मीटिंगला लागले, कारण मीटिंग व्हिडिओवरच होती. बाकी सगळे आपापल्या घरी, साहेब तर स्वतःच्या किचनमध्ये कॉफी ढवळत.

साहेबांनी ह्यांना बघितलं आणि म्हणाले, "वा सुधीर! काय बॅकग्राउंड लावलायस! अगदी आपलं ऑफिस वाटतंय!"

येताना हे गाडी मेन रोडला सोडून चालत आले. मी पाय शेकायला गरम पाणी दिलं.

* * *

आता प्रज्ञाचं सांगते. कारण या सगळ्या धावपळीत खरोखर पोचायची गरज तिला एकटीलाच होती.

प्रज्ञा वासनिक आमच्या भिंतीपलीकडची, नागपूरची. डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे. नवरा कामासाठी टेक्सासमधल्या शुगर लँडला गेलेला, विमानं बंद म्हणून तिकडेच अडकलेला. आणि हिला सातवा महिना!

मंगळवारी तिचं सेंटरही बंद राहिलं. ती दारातूनच सांगत होती, "काकू, आजचे सगळे पेशंट उद्यावर ढकललेत. आता आणखी नाही ढकलता येत. एक आजीबाई आहेत, एकट्या राहतात, शनिवारनंतर झालेलंच नाही त्यांचं. उद्या नर्स कमी पडल्या, तर निम्म्या खुर्च्या बंद ठेवाव्या लागतील."

सेंटरने मोठ्या चाकांची एक गाडी ठरवली होती. ती बुधवारी दुपारी मेन रोडवरून स्टाफला उचलणार होती. पण घरापासून मेन रोडपर्यंत गुडघाभर बर्फ, आणि त्यावर काचेसारखा थर. पाय घातला की आत, काढला की घसरतोय. अशा दिवसांत बाईने त्यावरून जायचं?

मी म्हटलं, "अगं, तुला कुणी काही म्हणणार नाही. घरूनच काहीतरी कर."

"हौ ना काकू," ती हसून म्हणाली, "रक्त ईमेलवर धुता आलं असतं तर केलंच असतं!"

मंदार तेव्हा त्याच्या दारात उभा होता. तो लगेच म्हणाला, "मी समजू शकतो यार. माझंही उद्या रिलीज आहे. माझं सगळं काम क्लाउडमध्ये असतं."

आतून नाना म्हणाले, "मग वरूनच जा की!"

* * *

आमच्याकडे एक फावडं होतं. ह्यांनी पहिल्याच फटक्यात त्याचा दांडा मोडला. मग माझी पुरणाची परात घेऊन बाहेर पडले. परातीने बर्फ उपसायचा, बाजूला टाकायचा, कंबर धरायची, पुन्हा वाकायचं.

इथे बर्फ वितळावा म्हणून वाटेवर मीठ टाकतात. दुकानातलं तेही मीठ संपलेलं. मी कोठीघरात गेले, एक मोठी पिशवी सापडली, ती अख्खी ड्राइव्हवेवर रिकामी केली. बघता बघता सगळा बर्फ गुलाबी! सैंधव होतं ते. हे त्यावरून दोन पावलं चालले आणि तिसऱ्याला परातीसकट खाली बसले.

मंदारची मुलगी रिया खिडकीतून ओरडली, "सुधीरकाका, इज इट स्ट्रॉबेरी?"

तिची आई केतकी बाहेर आली. "काकू, सैंधव टाकलंत? साधं मीठ नव्हतं का घरात?"

"होतं की," मी म्हटलं. "पण आज माझा उपास आहे ना!"

* * *

प्रज्ञाला मेन रोडपर्यंत वाट करून द्यायची, हे गल्लीतल्या पुरुषांनी मात्र अगदी मनावर घेतलं. मला त्याचं कौतुकच आहे. मंदारने ताबडतोब मीटिंग लावली. व्हिडिओवर! सगळे एकमेकांना खिडकीतून दिसत होते, हात करत होते, तरी व्हिडिओवर. मंदारचा आवाज येईना, तर ह्यांनी खिडकी उघडून ओरडून सांगितलं, "अरे, म्यूटवर आहेस!"

मी आतून ऐकत होते. आधी दोन फेज पाडल्या. मग पहिल्या फेजच्या आधी एक पायलट, म्हणजे छोटा प्रयोग, करायचा ठरला. मग कुणीतरी विचारलं, की या बर्फाची ओनरशिप सोसायटीची की कौंटीची? त्यावर बराच वेळ गेला. परत बर्फ पडला तर काय, यावर बोलणं झालं. वितळला तर काय, यावरही झालं. फावडी नाहीत, तर परातींचं रिसोर्स प्लॅनिंग कुणी करायचं? शेवटी सर्वानुमते ठरलं, की उद्या सकाळी पुन्हा भेटू!

नाना सोफ्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "एवढी तोंडाची वाफ रस्त्यावर सोडली असतीत, तर एव्हाना मेन रोड दिसला असता!"

* * *

मंगळवारीच दुपारी बर्फाचा ट्रक आला. त्याला पुढे नांगरासारखं भलंमोठं पातं असतं. मेन रोडवर घरघर ऐकू आली आणि आम्ही सगळे दारात धावलो. रियाने टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. खरंच सांगते, साक्षात गजराज येतोय असं वाटलं!

ड्रायव्हरनेही आम्हाला हसून हात केला. मग मेन रोडवरचा सगळा बर्फ त्याने आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून लोटला, भोंगा वाजवला आणि निघून गेला.

कमरेएवढी भिंत! आमची गल्ली म्हणजे आता किल्लाच झाला.

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती फोनवर सेंटरला सांगत होती, "हो, मी येतेय. कशी ते उद्या सांगते."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. ग्रुपवर मंदारचा मेसेज होता. "स्कोप वाढलाय. उद्याची मीटिंग थोडी मोठी ठेवू या."

* * *

बुधवारी सकाळी पुरुषमंडळी मीटिंगला बसली. मी देवापुढे बसले.

माझं संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी होतं. सगळ्यांना बोलावणी गेलेली. पण फुलं वाहताना पलीकडून प्रज्ञाचा आवाज येत होता, बहुतेक त्या आजीबाईंशीच बोलत होती. "नाही, नाही, आज नक्की होईल तुमचं." देवाला म्हटलं, तुला शनिवारच हवाय असं काही नाही ना? आणि उठून ग्रुपवर टाकलं. "हळदीकुंकू आज. आत्ता. साडी राहू द्या, बूट घालून या."

तुम्हाला सांगते, ज्यांनी ज्यांनी सकाळीच आपल्या ऑफिसला "रस्ता बंद, येऊ शकत नाही" असं कळवलं होतं, त्या सगळ्याजणी आल्या! एक म्हणून चुकली नाही. मागच्या गल्लीतल्या दोघी तर एकमेकींना धरून, कुंपणावरून चढून आल्या. केतकीने जाडजूड जाकिटावर ठुशी घातली होती. तिच्याबरोबर नानाही आले, तिळगूळ कुठे मिळतो याचा त्यांना बरोबर वास लागतो.

हळदीकुंकू झालं. प्रज्ञा हळदीकुंकू लावत नाही, मला ठाऊक आहे, पण तिळगुळाला दरवर्षी येते. तीही सेंटरचा युनिफॉर्म घालून, तयार होऊनच आली होती. सारखी घड्याळ बघत होती.

मग मी जिन्याखालचं कपाट उघडलं.

वाण मी नेहमी आदल्या वर्षीच घेऊन ठेवते, क्लिअरन्समध्ये. डबे झाले, चाळण्या झाल्या, झारे झाले. गेल्या एप्रिलमध्ये एका दुकानात गाडीच्या डिकीत ठेवायची छोटी फावडी दिसली. मजबूत, लाल दांड्याची. म्हटलं, छान आहेत, बायकांना उपयोगी पडतील. डझनभर घेतली. वाण काय आहे ते आधी सांगायचं नसतं, म्हणून ह्यांनाही बोलले नव्हते. आता एकेकीच्या हातात तिळगुळाची पुडी आणि फावडं देत गेले.

दारात हे उभे होते, कानाला हेडफोन, हातात लॅपटॉप.

"घरात फावडी होती?"

"फावडी कुठे? वाण होतं."

"अगं, मी काल परातीने बर्फ उपसला! कंबर गेली माझी!"

"देण्याआधी वाण कुणी वापरतं का हो?" मी म्हटलं.

नानांनी तिळाची वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरोबर आहे शुभाताईंचं."

प्रज्ञानेही हात पुढे केला. "काकू, मला पण द्या."

"तुझं तुला देते, पण चालवेल केतकी. तू मागून ये."

मग आम्ही सगळ्याजणी ओळीने लागलो. वरचा थर फोडायचा, बर्फ बाजूला लोटायचा, एक पाऊल पुढे. कुणी ओनरशिप विचारली नाही. दमलं की मागची पुढे यायची. खिडक्यांमधून मीटिंगचे आवाज येत होते. तोंडाशी आलो, तर ती कमरेएवढी भिंत. केतकीने जाकिटाच्या बाह्या सरसावल्या, ठुशी मागे फिरवली आणि म्हणाली, "चला गं!" भिंतीत माणूस जाईल एवढं दार पडलं. मागून प्रज्ञा, नानांचा हात धरून. "सावकाश पोरी, घाई नाही," असं म्हणत नाना स्वतःच दोनदा घसरले.

मेन रोडवर ती मोठ्या चाकांची गाडी उभी होती. ड्रायव्हर एक म्हातारा गोरा गृहस्थ. बर्फाच्या भिंतीतून एकामागून एक बायका बाहेर पडतायत, कपाळावर हळदीकुंकू, हातात लाल फावडी, हे बघून त्याने खिडकीची काच खाली केली.

प्रज्ञाला गाडीत घेताना त्याने विचारलं, "ही कुठली कंपनी? आमच्याकडेही बोलवायची आहे."

प्रज्ञा म्हणाली, "बुकिंग मिळणं कठीण आहे. वर्षातून एकदाच येतात."

आम्ही परत आलो तेव्हा मंदार दारात होता, घाईघाईने बूट चढवत. "केतकी, डिसिजन झाला! पायलट उद्यापासून!"

संध्याकाळी प्रज्ञाचा मेसेज आला. "सगळ्या खुर्च्या चालू होत्या काकू. आजीबाईंचं पण झालं. घरी पोचल्या."

तर आता तुमच्याकडेही हळदीकुंकू असेलच ना? मग यंदा डबे-चाळण्या राहू द्या. फावडीच लुटा. आणि सगळ्याजणींना सांगा, बूट घालून या.