त्याचा माइक मी बंद ठेवला

मृणाल गेल्याचं निखिलने, तिच्या नवऱ्याने, फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. ज्याचा राग आला त्याचं नाव इथे लिहिणार नाही. आयर्लंडमध्ये एखाद्याचं नाव घ्यायचं नसलं की 'युअर मॅन' म्हणतात. मृणाल त्याला तेच म्हणायची, मीही तेच म्हणेन.

पुण्याहून आम्ही दोघी एकाच वर्षी डब्लिनला शिकायला आलो. मी औषध कंपनीत लागले आणि मृणाल फिजिओथेरपिस्ट होऊन डब्लिनजवळच्या नावन गावात स्थिरावली. युअर मॅन एका मदतसंस्थेचा संचालक. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या येमेनमधल्या एका पुनर्वसन केंद्राला ही संस्था कृत्रिम पाय पाठवायची, आणि सुरुंगात पाय गमावलेल्यांना पुन्हा चालतं कसं करायचं हे तिथल्या मुलींना शिकवायला मृणाल जायची. २०२० मध्ये विमानं बंद पडली तेव्हा तिने स्वयंपाकघरातून व्हिडिओवर वर्ग चालू ठेवला. दर शनिवारी ओट्यावर लॅपटॉप, आणि समोर ही बाई स्वतःच उठून-बसून दाखवतेय! तिकडची अमल ही तिची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी.

दोघांचं वाजलं ते गुडघ्यावरून. संस्थेचे पाय दिसायला देखणे, पण त्यांचा गुडघा पुरता दुमडत नसे. तिकडे सगळं घर जमिनीवर एका मोठ्या ताटाभोवती जेवतं. असा पाय बसवलेली आई मात्र भिंतीपाशी खुर्चीवर एकटी जेवते, हे अमलकडून कळल्यावर मृणाल पेटली. देणगीदारांसमोरच तिने सांगितलं, की या पायांच्या पेट्या पाठवणं थांबवा, त्यांच्या वर्कशॉपला अवजारं द्या, गुडघा ते करतील. युअर मॅन हसून म्हणाला, "खुर्चीची सवय होईल त्यांना. इट्स ग्रँड, मृणाल, काही बिघडत नाही." थोड्याच दिवसांत तिला प्रकल्पातून काढलं.

तिने शनिवारचा वर्ग सोडला नाही. मग कॅन्सर निघाला, आणि त्याच सुमारास अमलचे फोन यायचे थांबले. तरी मृणाल शनिवारी डोक्याला स्कार्फ बांधून लॅपटॉपसमोर बसायची. "तिकडचं नेट गेलं असेल गं, शुभा," म्हणायची... नेट गेलं नव्हतं. ती गेल्यावर मी अमलला गाठलं तेव्हा कळलं, की मृणालशी बोललात तर पेट्या बंद, अशी तंबी युअर मॅनने केंद्राला दिली होती. जाणाऱ्या माणसाला त्याने असं ताटकळत ठेवलं. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तेव्हा कोविडमुळे इथे अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून शोकसभा ऑनलाइन घेतली. सूत्रं माझ्या हातात. युअर मॅन काळा टाय लावून हजर! दोन शब्द बोलायचे आहेत, असा त्याचा निरोपही सगळ्यांना दिसेल असा चॅटमध्ये आला. निखिलचा लगेच फोन, "शुभा, बोलू दे ना त्याला. बरं नाही दिसत..."

"न दिसू दे," मी म्हटलं. त्याचा माइक बंद ठेवून मी अमलला बोलावलं. फार बरं वाटलं. अजून वाटतं.

अमलने कॅमेरा वर्कशॉपकडे फिरवला. चटईवर ताट मांडलेलं, भोवती मुलं, आणि कृत्रिम पाय लावलेली त्यांची आई उभी. अमल इंग्रजीत म्हणाली, "मृणाल स्वतः मांडी घालून दाखवायची, ते बघून हा गुडघा आम्ही इथेच केला. आता आम्हाला पेट्या नकोत." मग तिने त्या बाईला कोपराशी धरलं आणि मृणाल पेशंटना म्हणायची तसंच, चक्क मराठीत म्हणाली, "सावकाश... घाई नाही... बसा."

बाई खाली बसली. धाकटी पोर सरकून तिच्या मांडीवर गेली. निखिल चेहरा झाकून रडत होता. पडद्याच्या कोपऱ्यात युअर मॅनचे ओठ हलत होते, काय म्हणत होता ते कोणालाच ऐकू आलं नाही.