कापलेला व्हिडिओ

जाफराबादच्या एका शाळेत मी दर आठवड्याला वाचा-उपचारासाठी जायचे. नववीतली एक मुलगी माझ्याकडं यायची. तिला बोलताना अडखळायला व्हायचं. 'प' किंवा 'ब' आला की तिचे ओठ घट्ट मिटायचे, मान ताणली जायची आणि डोळे आपोआप बंद व्हायचे.

आमच्या कामात एक पद्धत आहे. विद्यार्थ्याला बोलताना मोबाईलवर टिपायचं, अडखळलेले तुकडे काढून टाकायचे आणि उरलेलं सलग त्यालाच दाखवायचं. स्वतःला सहज बोलताना पाहिलं की धीर येतो. मी तिचा तसा छोटा व्हिडिओ तयार केला. तिनं तो पुन्हा पुन्हा पाहिला. घरी सराव करता यावा म्हणून मी तो तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवला. ते जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला होते.

पुढच्या वेळी ती आली ती पडलेल्या चेहऱ्यानं.

"प... पप्पांनी व्हिडिओ समद्या नातेवाईकांना पाठवला," ती म्हणाली. "शाळेतल्या सरांना बी. पोरगी बरी झाली म्हणून. सरांनी सव्वीस जानेवारीला भाषण करायला माझं नाव टाकलं. आता समदे त्या व्हिडिओतल्या पोरीची वाट पाहून राह्यले, मॅडम. ती मी न्हाई."

मी लगेच वडिलांना फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"चांगलंच झालं ना, मॅडम? बोलती ना आता ती बराबर?" कारखान्याच्या आवाजावर ते ओरडून बोलत होते.

"भाऊ, मधलं मी कापलंय. ते फक्त सरावासाठी होतं."

पलीकडच्या सळयांच्या आदळआपटीतून ते म्हणाले, "म्हंजी अजून तसंच हाय? मंग मी सरांना सांगतो. नाव काढून टाकतो."

ती फोनवर वाकली. "प... पप्पा, मला न इचारता पाठवलं. आता मला न इचारता काढू नका."

नाव राहू द्यायचं तिनं ठरवलं. त्यानंतर आम्ही वेगळे व्हिडिओ घेतले, काहीही न कापता. शब्द अडला की व्हिडिओ थांबवायचा आणि ओठ कुठं आवळले जातात ते पाहायचं. पहिल्यांदा तिनं स्क्रीनवर तळहातच ठेवला. हळूहळू फोन ती स्वतः हातात धरू लागली. ओठ हलके टेकवून, श्वास सोडत शब्द सुरू करायचा, एवढंच आम्ही घोकत होतो. भाषणात 'प्रजासत्ताक' टाळता येणार नव्हतं.

सव्वीस जानेवारीला वडील कारखान्यातली पाळी बदलून शाळेत आले. माझ्या शेजारी बसून त्यांनी शूटिंगसाठी फोन उचलला. ती माईकसमोर उभी राहिली.

"आज आपला प..."

ओठ मिटले. माईकमधून तिचा अडकलेला श्वास मैदानभर ऐकू येत होता. मागून कुणीतरी हसलं. सर खुर्चीतून अर्धे उठले. मला काहीच करता येत नव्हतं. वडिलांनी फोन खाली घेतला आणि मान खाली घातली.

तिनं डोळे उघडले. ओठ सैल सोडले. "प्...रजासत्ताक दिन." मग कागदावर नसलेलं ती बोलली, "मी अडखळते. जरा थांबावं लागंल तुम्हाला." आणि पुढं वाचू लागली. कितीतरी ठिकाणी अडली, पण शेवटपर्यंत गेली. टाळ्या आधी तुरळक पडल्या, मग वाढल्या.

कार्यक्रम संपल्यावर मोटारसायकलजवळ वडील तिला म्हणाले, "चांगलं बोललीस, माय."

"तुम्हाला माझी लाज वाटून राह्यली व्हती का? मान का..."

"न्हाई गं, मी तर..."

"थ... थांबा. माझं बोलणं झालं न्हाई. मी ब... बोलायला लागले की तुम्ही दुसरीकडं बघता. नेहमीच."

"लाज न्हाई," ते म्हणाले, "भ्या वाटतं. तू अडली की माझाच जीव अडकतो."

"मंग बघा ना माझ्याकडं."

मला परत नेणारी प्रवासी जीप भरत आली होती. मी आत बसून मागं पाहिलं. मोटारसायकलची किल्ली हातात धरून ते उभे होते आणि ती अजून बोलतच होती. मधे एकदा तिची मान ताणली गेली. ते तिच्याकडं पाहत थांबले होते.