होणाऱ्या जावयाने दुरुस्त केलेला कॉम्प्युटर

भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर करंजाच्या बंदरावर लिलावात उभी राहिले, पाटी डोक्यावर घेऊन पनवेलला आले आणि त्याच पनवेलच्या बाजारात सुक्या मासळीचा स्वतःचा गाळा केला. समोरचा माणूस किती द्यायला तयार आहे हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळायचं. त्यामुळे माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मी हरले, तेव्हा मला ते कितीतरी दिवस पचलं नाही.

मुलगी पनवेललाच एका ऑफिसात हिशेब बघायची. साखरपुडा झाला होता. मुलगा उरणकडचा, माझ्या मोठ्या भावाने आणलेलं स्थळ. मुलाच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना आणि माझ्या भावाची बोट त्यांच्याच बर्फावर समुद्रात जायची. मुलगा न्हावा बंदराकडे कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला होता. साखरपुड्यानंतर एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि जेवून झाल्यावर मुलीच्या कॉम्प्युटरसमोर बसला.

"किती स्लो झालाय हा," तो म्हणाला. "मी साफ करून देतो, आई. एक चांगलं अँटीव्हायरस पण टाकतो. फुकट."

मी आत भांडी आवरत होते. बरं वाटलं. जावई घरचं काम करतोय म्हटल्यावर कोणत्या आईला वाईट वाटेल?

लग्नाची बोलणी त्यानंतर महिन्याभराने ठेवली. मी तीन गोष्टी मागायच्या ठरवल्या होत्या. लग्न पनवेलच्या हॉलमध्ये, जोडप्याला पनवेलमध्ये वेगळी खोली आणि मुलीची नोकरी चालू. पहिल्या दोन मी सोडायलाच ठेवल्या होत्या. खरी तिसरी. तीसुद्धा अगदीच अडली, तर काय करायचं ते मी फक्त मुलीला सांगितलं होतं. "लय ताणलं त्यांनी, तर पयलं वरीस घरात राहा, मग बघू. स्थळ सोडायचं नाय."

बोलणीला तिची होणारी सासू माझ्यासमोर बसली. हॉलचं मी काढलं, तर ती हसली. खोलीचं काढलं, तरी हसली. भाव करणारा माणूस कुठेतरी चिडतो, कुठेतरी उठायची तयारी दाखवतो. ही हलेचना. नोकरीचं काढल्यावर ती म्हणाली, "विहीणबाय, पयलं वरीस पोरीला घरात राहू द्या. मग बघू."

माझेच शब्द. भाऊ शेजारी होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मी "बरं" म्हटलं.  ऑफिसात राजीनामा द्यायचा म्हणून घरी आल्यावर मुलगी रडली, तेव्हा मी तिलाच ओरडले.

"तू बोललीस कुणाला?"

"फक्त मैत्रिणीला लिहिलं होतं, आई. मेलवर."

मैत्रीण कॉलेजातली. लग्न होऊन नागपूरला गेलेली. या घराशी तिचा काही संबंध नाही.

कॉम्प्युटर त्या काळात आणखी मंद झाला. अक्षर दाबलं की थांबून उमटायचं. जावयाला बोलवू या, असं मीच म्हटलं. पण मुलगी ऑफिसातून कॉम्प्युटर तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरची माहिती घेऊन आली होती. इंटरनेटवरून उतरवायचं, पैसे नाहीत.

"फुकट कोण देतं? त्यात काहीतरी असंल," मी म्हटलं.

"कोणीतरी देतात. लोक मिळून बनवतात."

आमच्या टेलिफोनच्या लाइनवर ते उतरायलाच दुपार गेली. मग ते तपासत बसलं. एकेका फाइलचं नाव खालून सरकत जात होतं. ऑफिसातल्यांनी त्याच्या जोडीला आणखी एक चालवायला सांगितलं होतं. पहिल्याने किरकोळ कचरा काढला. दुसऱ्याने एक ओळ लाल करून दाखवली. मुलगी ती वाचत राहिली.

"काय हाय?"

"कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर हे साठवतं," ती म्हणाली. "आणि कोणालातरी पाठवतं."

ते कॉम्प्युटरमध्ये कधी आलं, ती तारीखही तिथे होती. तो जेवून कॉम्प्युटरसमोर बसला, तोच रविवार.

माझं डोकं फिरलं. त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर त्याला विचारते म्हणून मी चप्पल घातली. मुलीने दार अडवलं. "तो नाही म्हणेल. मग?"

मी परत बसले. आणि बाजारातली बाई जागी झाली. "काढू नको ते," मी म्हटलं. "राहू दे. मी सांगते ते मैत्रिणीला लिही."

लिलावात कोणी आपल्या बोलीवर कान ठेवून असेल, तर त्याला ऐकू जाईल असं खोटं बोलायचं असतं. मी तिला लिहायला लावलं की आईचा विचार बदललाय, नोकरी सोडायला लावली तर साखरपुडा मोडायचा म्हणतेय आणि बंदरात कामाला असलेल्या एका मुलाकडून लग्नासाठी निरोपही आलाय. मुलीने ते टाइप केलं. मैत्रिणीला तिने ऑफिसातून फोन करून खरं काय ते सांगून ठेवलं.

त्या आठवड्यातच सासूचा फोन आला. आवाज कधी नव्हे इतका गोड. "पोरीला नोकरी करू दे हो. आमाला काय? आन विहीणबाय, इकडून तिकडून निरोपबिरोप येत असतील, तर मनावर घेऊ नका."

फोन ठेवून मी हसले. बऱ्याच दिवसांनी. "बघ," मी मुलीला म्हटलं, "आली की नाय खाली?"

मुलगी हसली नाही. "म्हणजे आता मी त्याच्याशी लग्न करायचं?"

 खरं तर मला तेच वाटत होतं. भाव जमला होता.

"आई, त्या महिन्यात मी काय काय लिहिलंय तुला माहीत नाही. बाबांबद्दल लिहिलंय. माझ्या अंगाबद्दल लिहिलंय. ते सगळं वाचून तो नंतरही रविवारी इथे येऊन तुझ्या हातचं कालवण मागून घेत होता."

 "काढ," मी म्हटलं. तिने ते फुकटचं सॉफ्टवेअर पुन्हा लावलं आणि ती ओळ काढून टाकली. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. तिने पुन्हा तपासलं. काही नव्हतं. साखरपुड्याची साडी आणि अंगठी मी भावाच्या हातून परत पाठवली.

मुलाकडच्यांनी त्यांच्या गावात बैठक बोलावली. देवळाच्या मंडपात सतरंज्या टाकलेल्या, जुनी माणसं पुढे. मी घडलं ते सगळं सांगितलं. मुलगा शांतपणे म्हणाला, "मी अँटीव्हायरस टाकला होता. दुसरं काही असेल, तर दाखवा ना."

दाखवायला काही उरलं नव्हतं. मी खोट्या मेलचं आणि त्यावर आलेल्या फोनचं सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून तरी मंडप फिरेल.

पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बाय, खोटं कुणी लिवलं?"

"मी लिवायला लावलं."

"दुसऱ्या स्थळाचं बी तूच लिवलंस?"

"हो, पण..."

"मग आमी कुणाचं खरं धरायचं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "आन पोरीनं लपवावं असं काय लिवलं व्हतं? ते तरी कलू दे." मंडप हसला.

मी भावाकडे बघितलं. लाल ओळ त्याने बघितली नव्हती, पण बोलणीला माझ्या शेजारी तोच होता. सासूने "पयलं वरीस" म्हटलं तेव्हा मी कशी दचकले, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "माजी भैन तोंडाची तिखट हाय. समजून घ्या." आणि त्यांच्याकडे बघून हात जोडले. त्याच्या बोटीला बर्फ मिळत राहिला. त्याच्या दारात मी पुन्हा गेले नाही आणि जाणारही नाही.

मुलीची नोकरी राहिली. स्थळं येईनाशी झाली. विचारणारे आधी उरणला विचारायचे आणि तिथेच थांबायचे.

वर्ष होत आलं असेल. दुपारच्या वेळी एक बाई गाळ्यावर आली. सुक्या कोलंबीचे सोडे हातात घेऊन बघत राहिली, पण लक्ष सोड्यांत नव्हतं. शेवटी हळूच म्हणाली, "ताई, तुमची सोयरीक का मोडली? आमच्या पोरीला त्याच घरातून मागनी आलीय."

मी तिला गाळ्याच्या आत बसवलं. पाणी दिलं. आणि पहिल्यापासून सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही. कॉम्प्युटर, जेवणाचा रविवार, लाल ओळ, सासूच्या तोंडचे माझे शब्द. ती डोळे मोठे करून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि तिचा जीव भांड्यात पडल्याचं मला चक्क दिसलं.

"मग आमाला भ्या नाय," ती म्हणाली. "आमच्या घरी कॉम्प्युटरच नाय, ताई."

मग ती सोड्यांच्या भावावर आली. पुष्कळ घासाघीस केली तिने, मुलीच्या हळदीला लागणार होते म्हणाली. मी काहीही कमी केलं नाही. तरी तिने घेतले.